डाव्या पायाची करंगळी

४ जानेवारी

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आईच्या कमरेने थंडीत पुन्हा डोकं वर काढलं आहे, पण जीभ ठणठणीत आहे, तेव्हा काळजी नसावी.

परवा दवाखान्यात कोणीतरी डबा गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रात तुझा बास्केटबॉल सामन्यातला फोटो सापडला. खाली ‘संघाची भिंत’ असं छापलंय. मी तो कागद पुसून आमच्या एक्स-रे विभागात सगळ्यांना दाखवला. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, की तुमच्या वाटणीची उंचीही बहिणीनेच घेतली का. मी सांगितलं, उंचीचं काय घेऊन बसलात, माझ्या ताटातलंही तीच खायची. सहा फूट दोन इंचांच्या बाईला घरी चिमणी म्हणतात हे ऐकून तर ते खुर्चीतून पडायचे बाकी होते.

पण संध्याकाळी तो फोटो मी पुन्हा पाहिला. खेळ थांबलाय, तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस आणि सगळा भार उजव्या पायावर आहे. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली नाही. बारा वर्षं मी लंगडत येणाऱ्या माणसांना टेबलावर चढवतोय. माणूस उभा कसा राहतो यावरून मला दुखणं कळतं. गेल्या वर्षी तुझा घोटा गेला, त्याआधी गुडघा. दोन्ही वर्षी अंतिम सामना तू बाकावरून पाहिलास आणि आम्हाला सगळं उरकल्यावर कळवलंस.

डाव्या पायाचा एक्स-रे काढ आणि मला पाठव. रिपोर्ट नको, प्लेट पाठव. कागदावर कोणीही काहीही लिहितं.

कळावे. लोभ असू दे आणि टाच जमिनीवर असू दे.

तुझा दादा

९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काडीने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि टाचेपाशी आल्यावर म्हणाली, की तुझा दादा भिंतीतूनही बघतो. काडी म्हणजे माझ्या खोलीत राहते ती, संघातली दुसरी सेंटर, म्हणजे माझ्यासारखीच रिंगखाली उभी राहणारी. बावीस वर्षांची, माझ्याहून दोन बोटं बुटकी आणि रुंदीला अर्धी. दोघींचेही पाय खाटेबाहेर जातात, म्हणून आम्ही खाटांच्या टोकाला ट्रंका लावल्या आहेत. रात्री कूस बदलली की चौघी झोपल्यासारखा आवाज येतो.

शनिवारचा सामना जिंकलो. माझे गुण चार, माघारी तेवीस. तू एकदा बघायला आला होतास आणि चार गुण ऐकून तुझं तोंड उतरलं होतं, म्हणून पुन्हा सांगते. समोरची खेळाडू चेंडू घेऊन रिंगखाली घुसते, वर बघते, तिला मी दिसते आणि चेंडू न टाकताच ती बाहेर पळते. त्याला आम्ही माघार म्हणतो. गुणतक्त्यात तिला रकाना नाही, म्हणून काडी बाकावर बसून पेन्सिलीने रेघा मारते. आमच्या बाई, म्हणजे प्रशिक्षक, सांगतात की माघार घेणारीला हसू नका, ती शहाणी असते, चेंडू तिच्याच हातात राहतो. मी तरी हसतेच.

आणि उरलेलं काम तोंडाचं. पुढच्या चौघींना आपल्या पाठीमागचं दिसत नाही, मला मागून सगळं दिसतं. त्यामुळे चाळीस मिनिटं माझं सुरूच असतं, डावीकडून येतेय, तिला सोड, हात वर कर. या मुलीच्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची ना? आता त्यावरच संघ चाललाय म्हणावं तिला.

पाय थोडा ठणकतो, बर्फ लावला की राहतो. प्लेट सोबत पाठवली आहे. संघाच्या डॉक्टरांनी बघून स्वच्छ आहे म्हणून सांगितलं आणि बाईंनी खेळायची परवानगी दिली. उपांत्य सामना २६ला, अंतिम १ फेब्रुवारीला. प्लेट खिडकीला लावून बघ आणि दोन घास जास्त जेव.

कळावे. लोभ आहे तो वाढवावास, चौकशा कमी कराव्यास.

तुझी चिमणी

१३ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्लेट मिळाली. हा पाय तुझा नाही.

आधी मी खुळ्यासारखा खूश झालो होतो. खिडकीला लावून पाहिली, कुठे काही दिसलं नाही, आईला सांगून टाकलं की चिमणीचा पाय उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला म्हणून दिव्याच्या पेटीवर लावली आणि नजर सवयीने करंगळीवर गेली. करंगळी सरळ होती.

तू विसरलीस, पण मी कसा विसरेन? तू नऊ वर्षांची होतीस, मी चौदा. शाळेच्या सदऱ्याला इस्त्री करताना ती माझ्या हातून सुटली आणि तुझ्या डाव्या पायावर पडली. आईला आपण पायरीची ठेच लागली म्हणून सांगितलं. ते हाड वाकडंच जुळलं. मला नोकरी लागली तेव्हा मी हौसेने तुझ्या पायाचा फोटो काढला होता, आठवतं? तू निकाल विचारत होतीस आणि मी यंत्र बिघडलं म्हणालो. यंत्राला काही झालं नव्हतं. हाडाचा तो बाक बघून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

या प्लेटच्या कोपऱ्यात नाव तुझं आहे, खूण डाव्या पायाची आहे, आणि हाडं कोणा सडपातळ, तरुण मुलीची आहेत. ती तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असावी. आमच्याकडे दिवसाला चाळीस माणसं येतात, आम्ही चेहरा बघत नाही, चिठ्ठीवरचं नाव बघतो. तिथल्या माणसानेही तेच केलं.

पायाच्या कमानीवर होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं. उड्या मारणाऱ्यांचं बहुधा तेच तडकतं. तडा केसाएवढा असेल तोवर प्लास्टरमध्ये जुळतो. तसंच खेळत राहिलं तर दोन तुकडे होतात. कोणा खेळाडूचं म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा एक बाई आपल्याकडे येतात, बाजारापर्यंत जायला त्यांना वाटेत दोनदा बसावं लागतं. त्या बाईंना मी ओळखतो. त्यांचं वय तुझ्याएवढंच आहे.

मी डॉक्टर नाही, फोटो काढणारा माणूस आहे. तडा असेलच असं म्हणत नाही. पण ज्याला काही झालेलं नसतं तो दुसऱ्याचा पाय पाठवत नाही. खरं काय ते लिही. रागावणार नाही असं वचन देत नाही.

कळावे. भीती वाटते आहे, बाकी लोभ आहे तसाच आहे.

दादा

१७ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणशील, पण मलाच तुझा राग आलाय. अख्खा पाय निरोगी दिसत असताना करंगळी कोण बघतं?

बरं, ऐक. माझ्या नावाची चिठ्ठी घेऊन काडी टेबलावर झोपली. मी तिला भरीस घातलं नाही, तिनेच सुचवलं. तुला वाटेल, माझी जागा मिळायची तर ही पोरगी मला का वाचवते? ती जागाच तिला नकोय. गेल्या अंतिम सामन्यात माझा घोटा गेल्यावर बाईंनी तिला उतरवलं होतं. ती रिंगखाली जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. मागून आवाज नाही म्हटल्यावर आमच्या चौघी आंधळ्यासारख्या फिरत होत्या आणि समोरच्या संघाच्या मुली आपल्याच घरात शिरावं तशा शिरत होत्या. नंतर ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. तेव्हापासून बाकावरून उठायचं म्हटलं की ती पाण्याच्या बाटल्या भरायला पळते.

पाय दुखतो. सकाळची पहिली दहा पावलं मी भिंत धरून टाकते. अंग गरम झालं की जमतं. उडी मारताना लागत नाही, खाली येताना लागतं, म्हणून हल्ली उजव्या पायावर उतरते. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. समोरच्या संघाच्या लक्षात आलं की मी उडी मारायला कचरते, तर एकही माघार होणार नाही. त्या वर बघतील आणि टाकतील.

मला एकोणतीस पूर्ण झाली. पुढच्या वर्षी हे गुडघे मला कितपत विचारतील माहीत नाही. लागोपाठ तिसऱ्या वर्षी जाकीट घालून बाकावर बसायचं नाहीये मला. फक्त पंधरा दिवस दे. मग प्लास्टर घाल, पाय कापून काचेच्या कपाटात ठेव, काय हवं ते कर.

आणि एक. त्या दिवशी आईने मला तीनदा विचारलं होतं आणि मी तीनदा पायरीचं नाव घेतलं होतं. तुझं घेतलं नाही. आता तू माझं घेऊ नकोस. बाईंना एक ओळ जरी लिहिलीस तरी मी तुझी बहीण नाही.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही ते आता तूच ठरव.

चिमणी

२१ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल एका म्हाताऱ्यांच्या छातीचा फोटो दोनदा काढला आणि शेजारच्याचा राहूनच गेला. त्यांनी तासभर वाट पाहिली, बिचारे.

तू म्हणतेस ते खरं आहे. तू तोंड मिटलंस म्हणून माझा मार चुकला. पण दोन रात्री मी दुसरीच गोष्ट मनात घोळवतोय. तू तोंड मिटलंस म्हणूनच तुला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. त्याच दिवशी मी पुढे होऊन इस्त्रीचं सांगितलं असतं, तर पट्टी बांधली असती आणि बोट सरळ जुळलं असतं. चौदा वर्षांचा मुलगा मार खाऊन मरत नाही. मी घाबरलो, एवढंच.

बाईंच्या नावाचं पत्र या पाकिटात आहे. त्याचं पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाच. काडीला दोष लागेल असं त्यात काही लिहिलेलं नाही. ते द्यायचं की फाडायचं हे तू ठरवायचंस. मी दुसरं पत्र टाकणार नाही, असा शब्द देतो. हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय, कागदावर तुला दिसलंच असेल.

बाई म्हणतात ते तू मलाच लिहिलं होतंस. माघार घेणारीच्या हातात चेंडू राहतो.

कळावे. बहीण आहेस, तू नाही म्हणालीस तरी राहशील.

दादा

२२ जानेवारी

चि. चिमणीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दादाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे डिंक मागितला आणि मग चिकटवलंच नाही. तेव्हाच मला कळलं की पाणी मुरतंय. पत्रं उशीखाली ठेवून कामावर जाणाऱ्या माणसाने लपवाछपवीच्या फंदात पडू नये. सगळी वाचली. त्याला अजून सांगितलेलं नाही.

पायरीची गोष्ट तुम्ही आता विसरा. त्या दिवशी इस्त्रीची मूठ निखळली होती आणि फरशीचा टवका उडाला होता. मला डोळे आहेत. दोघं एकमेकांना घट्ट धरून राहिलात, ते बघून मला बरं वाटलं आणि मी गप्प बसले. बोटच आहे, जुळेल, असं मनाला सांगितलं. मुलीच्या पायापेक्षा मुलांची एकी मोठी वाटली मला. ती चूक माझी.

तुम्ही दोघांनी लपवलं आणि मी समजून लपवलं. तिघांनी मिळून एक बोट वाकडं केलं, आता अख्खा पाय नको.

माझ्यासाठी खेळू नकोस असं म्हणणार नाही, ते तू ऐकणार नाहीस. कळावे. जिभेला हाड नाही ना तुझ्या? मग ती वापर.

आई

२ फेब्रुवारी

ती. आईस व दादास शि. सा. न. वि. वि.

तुमची दोघांची पत्रं २५ला एकाच टपालात आली. वाचली, ट्रंकेत टाकली आणि दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना खेळायला गेले. आता रागवा.

अडतिसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एक चेंडू अडवायला वर गेले, खाली कोणाचा तरी खांदा आला आणि डाव्या पायावर उतरले. आतून कट् असा आवाज आला. बाहेर कोणाला ऐकू गेला नाही, मला दातांत ऐकू आला. उरलेली दोन मिनिटं मी उडीच मारली नाही. नुसते हात वर करून उभी राहिले. त्या आल्या, वर बघितलं आणि परत गेल्या. तीनदा. चौथ्यांदा कोणी टाकलाच असता तर माझ्याने हललंही गेलं नसतं. दोन गुणांनी जिंकलो. एकूण माघारी एकोणीस.

खोलीवर बूट निघेना. काडीने नाडी पूर्ण काढली, जीभ मागे ओढली, तेव्हा निघाला. पाय बघून ती जमिनीवरच बसली आणि म्हणाली की हा पाय मी मोडला, त्या टेबलावर झोपून मी मोडला. आत्ताच बाईंना जाऊन सांगते म्हणून उठली. तिला दारातून मी परत ओढलं. पाय माझा होता आणि तोंड तिचं भाजणार होतं, हे मला बघवेना. ट्रंकेतून दादाचं पाकीट काढलं आणि बाईंच्या खोलीपर्यंत तिच्याच खांद्यावर हात टाकून गेले.

बाईंनी पत्र उभ्याने वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी इतकंच विचारलं, की गेले तीन आठवडे त्या कोणाच्या पायावर संघ उभा करत होत्या. मी काडीचं नाव घेतलं नाही, काडीने स्वतःच घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई मला स्वतः टेबलापर्यंत घेऊन गेल्या आणि फोटो काढणाऱ्याला माझा चेहरा नीट बघायला लावला. तडा आहे. हाडाच्या अर्ध्याहून पुढे गेलाय, पण तुकडे झालेले नाहीत. सहा आठवडे प्लास्टर. पुढच्या वर्षाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आधी प्लास्टर सुटू दे.

काल अंतिम सामना झाला. माझ्या जागी उतरवायला काडीशिवाय कोणी नव्हतं, आणि बाई दोन दिवस तिच्याशी सरावापुरतं बोलत होत्या. पहिल्या आठ मिनिटांत आम्ही अकरा गुणांनी मागे. काडी गप्प. मी प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बाकाच्या टोकाला बसले होते, आमची रिंग त्याच बाजूला होती. मला राहवेना. तिथूनच सुरू केलं, काडी, डावीकडून, हात वर, पुढचीला सांग मागे वळायला. पंचांनी येऊन बजावलं की बाकावरच्यांनी उभं राहू नये. मी प्लास्टर दाखवून म्हटलं, साहेब, उठून दाखवता आलं असतं तर खेळलेच असते.

काडी आधी नुसतं माझं ऐकायची. मग मी बोललेलं तिच्या तोंडून पुन्हा पुढच्यांपर्यंत जायला लागलं. मध्यंतराला फरक पाचवर आला. पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात. आमची रिंग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि एवढ्या गोंगाटात माझा आवाज तिथवर पोचेना. घसा फाटेपर्यंत ओरडले. काडीने एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, कानावर हात ठेवला आणि मान हलवली.  मग तिकडून तिचाच आवाज आला. चिरका, कापरा, पण आला. डावीकडून येतेय, तिला सोड, हात वर.

हरलो. तीन गुणांनी. मी रडले, खोटं कशाला सांगू? मी असते तर जिंकलो असतो असं मला अजूनही वाटतं आणि बहुतेक जन्मभर वाटेल. पेन्सील या वेळी माझ्याकडे होती. काडीच्या माघारी सोळा झाल्या, त्यातल्या अकरा मध्यंतरानंतरच्या. तो कागद तिने उशीखाली ठेवलाय.

प्लेट सोबत आहे. या खेपेला पाय माझा आहे. दादा, ओळखून घे.

कळावे. माझ्यावर लोभ असेल तर आता दोघांनी मिळून रागवा, एकेकट्याने नको.

तुमची चिमणी

७ फेब्रुवारी

चि. चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

प्लेट आज पोचली. डबा खायच्या सुट्टीत मी दार लावून ती दिव्याच्या पेटीवर लावली. खरं तर तडा बघायला हवा होता. मी आधी करंगळी पाहिली. वाकडी होती. बारा वर्षांपूर्वी जो बाक बघून जेवण गेलं नाही, तोच बघून आज मला रडू आलं आणि मग मी सगळा डबा खाल्ला.

डॉक्टरांनी तडा भिंगातून पाहिला. म्हणाले, आणखी एक सामना झाला असता तर हे हाड मला दोन ठिकाणी शोधावं लागलं असतं. जुळेल असं त्यांना वाटतं, धावशील की नाही ते मात्र आत्ता सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी तुला न्यायला येतोय. काडीला म्हणावं, तिच्या पायाची प्लेट माझ्याकडे आहे, ती परत आणतो. छान पाय आहे, जपून वापर म्हणावं.

प्लेट घरी आणली, कारण आईने बजावून ठेवलं होतं. तिने ती खिडकीला उलटी धरली. मी सरळ करून दिली. तडा दाखवला तर तिने मान डोलावली आणि बोट सरकवत सरकवत करंगळीवर नेऊन ठेवलं.  मग मला विचारलं, की हिचं हे बोट थंडीत अजून दुखतं का.  वीस वर्षांत मी तुला ते एकदाही विचारलेलं नाही.

म्हणून आज विचारतो. करंगळी अजून दुखते का, तेवढं कळावे.

तुझा दादा